पोतदारी आणि नाण्यांची पारख

गावगाड्यात सोनाराला जे स्थान होते, ते दागिने घडविण्याइतकेच आणखी एका कामामुळे होते, ही गोष्ट आपल्या तरुण पिढीस क्वचितच ठाऊक असते. लग्नसराई वर्षातून काही महिन्यांची. शेतसाऱ्याचा वसूल मात्र दरसाल ठरल्या हप्त्यांनी सरकारात भरावाच लागे. तो ज्या नाण्यांत येई ती खरी की खोटी, पुऱ्या वजनाची की झिजलेली, हे पारखून देणारा गावचा माणूस म्हणजे पोतदार. आणि ही पोतदारी बहुतेक गावी सोनाराच्या घरात वंशपरंपरेने चालत असे. बलुत्या-अलुत्यांच्या याद्या गावोगाव निरनिराळ्या आहेत. सोनार कोठे बलुत्यांत येतो, कोठे अलुत्यांत. तथापि नाणे पारखण्याचे काम त्याच्याकडे, याविषयी फारसे दुमत नाही. पोतदार व सराफ ही आडनावे आज अनेक जातींत आढळतात. त्यांच्या मुळाशी हाच व्यवसाय आहे.

लातूर-नांदेड रस्त्यावरील आमच्या चाकुरात आणि आसपासच्या अहमदपूर, उदगीर, निलंगा या भागांत आपल्या समाजाची जी दुकाने आहेत, त्यांत जुनी नाणी आजही येतात. कोणी मुलीच्या लग्नासाठी आजीच्या गाठोड्यातले रुपये मोडावयास आणतो, कोणाला माळवद पाडताना भिंतीत गाडगे सापडते, कोणी बाजारात ऐकलेल्या लाखांच्या गोष्टीने भुलून एखादे नाणे दाखवावयास येतो. अशा वेळी आपल्या समाजबांधवांनी काय पाहावे, काय करावे आणि काय करू नये, याचा विचार या लेखात करण्याचे योजिले आहे. विषय इतिहासाचा आहे खरा. परंतु त्यात आपल्या धंद्याची अब्रू आणि आपल्या भागाचा ठेवा, ही दोन्ही गुंतलेली आहेत.

पोतदार काय पाहत असे

पोतदाराची साधने अगदी मोजकी. दगडावर नाणे आपटून त्याचा नाद ऐकणे, तराजूत घालून वजन पाहणे, कसोटीवर रेघ ओढून कस ठरविणे आणि शंका उरलीच तर कडेला बारीक छेद देणे. पारखलेल्या नाण्यावर सराफ कधी कधी आपला लहानसा ठसाही मारीत. अतिप्राचीन आहत नाण्यांपासून मोगली रुपयांपर्यंत असे ठसे दिसतात आणि नाणकशास्त्राचे अभ्यासक त्यांना सराफी छाप म्हणतात. राजाचे नाव नाण्यावर राहिले. ज्याने ते नाणे खरे म्हणून स्वीकारले त्या अनाम पारख्याची खूणही त्याच नाण्यावर राहिली.

हे काम सोपे नव्हते, कारण चलन एक नव्हते. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत दख्खनमध्ये अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, बागलकोटी, गोविंदबक्षी अशा कितीतरी जातींचे रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाचा कस वेगळा, वजन वेगळे आणि म्हणून बट्टाही वेगळा. पेशवाईत परवान्यावर खाजगी टांकसाळी चालत, निजामाच्या मुलखातही निरनिराळ्या ठिकाणी नाणी पडत. शेतकऱ्याच्या हातातील दहा रुपये सरकारी खजिन्यात साडेनऊ भरतात की पावणेदहा, हे पोतदाराच्या एका शब्दावर ठरे. त्याच्या डोळ्यावर गावाचा विश्वास असे, तो यामुळेच.

मात्र हेही ध्यानात ठेवले पाहिजे की पोतदाराचा मूळ प्रश्न एकच होता: यात धातू किती? नाण्यावरचे नाव, सन आणि टांकसाळ यांचे महत्त्व त्याला त्या प्रश्नापुरतेच. आज प्रश्न दोन झाले आहेत. धातू किती, हा पहिला. आणि हे नाणे कोणाचे, कोठले, केव्हाचे व असे किती उरले आहेत, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या दुकानांत पाच मिनिटांत मिळते. दुसरा न विचारताच नाणे मुशीत जाते, आणि मुशीत गेलेल्या नाण्याला तो पुन्हा कधीच विचारता येत नाही.

जोगळटेंभीची साक्ष

दुसऱ्या प्रश्नाची किंमत काय असते, हे पाहावयाचे तर नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी या गावाचे उदाहरण घ्यावे. १९०६ साली तेथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे १३,२५० नाणी अभ्यासकांच्या नजरेखालून गेली. प्रत्येक नाणे जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास; म्हणजे धातूच्या हिशेबाने सगळा ढीग पंचवीस-तीस किलो चांदीचा. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. एका बाजूस मुखवटा व ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख.

परंतु त्यांतील ९,२७० च्या वर नाण्यांवर दुसऱ्याच एका राजाचा ठसा वरून मारलेला होता. तीन कमानींचा पर्वत, उज्जैन चिन्ह आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव! जिंकणाऱ्याने हरलेल्याची नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावर आपली मुद्रा उठवून ती पुन्हा चलनात आणली. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. त्या विधानाला हजारो तोंडांनी दिलेली ही साक्ष होय. नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या काळाची सांगड घालताना इतिहासकारांना या साठ्याचा मोठा आधार मिळाला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. यांतील एकच नाणे सुटे हाती आले असते तर ते एक चमत्कारिक, दोनदा ठसलेले नाणे ठरले असते. नऊ हजार नाणी एकत्र होती म्हणून त्यांतून राजकीय उलथापालथ वाचता आली. साठा फुटला, चार घरी वाटला गेला, अर्धा मुशीत गेला, की उरलेल्या नाण्यांचे बोलणेही तुटक होते.

आपल्या भागात काय सापडते

मराठवाड्याची भूमी नाण्यांच्या बाबतीत श्रीमंत आहे. आपल्या शेजारचे तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक प्रवासवर्णनांत उल्लेखिलेली ही व्यापारपेठ तीच होय, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली दाखवून दिले. तेथे सातवाहनांची नाणी सापडतात. ती बहुधा शिसे, तांबे किंवा मिश्रधातूची, ओबडधोबड आणि लहान असतात. हत्ती आणि उज्जैन चिन्ह या त्यांवरील नेहमीच्या खुणा. सोन्याचांदीकडे पाहण्याची सवय झालेल्या डोळ्याला ती कचरा वाटतात. तेरचे एक व्यापारी, कै. रामलिंगप्पा लामतुरे, यांना तसे वाटले नाही. गावात, शेतात, पांढरीत मिळणाऱ्या जुन्या वस्तू त्यांनी आयुष्यभर वेचल्या, आणि त्यांचा तो संग्रहच तेरच्या शासकीय संग्रहालयाचा पाया झाला. आज ते संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. लामतुरे हे पदवीधर संशोधक नव्हते, ते एक दुकानदार होते, ही गोष्ट आपल्यासारख्या व्यापारी व कारागीर समाजाने मनावर कोरून ठेवावी अशी आहे.

सातवाहनांनंतरचा मोठा टप्पा देवगिरीच्या यादवांचा. त्यांची सोन्याची नाणी पद्मटंक या नावाने ओळखली जातात. मध्यभागी कमळ, आणि भोवती वेगवेगळ्या ठशांनी उमटविलेली चिन्हे व राजाचे नाव, अशी त्यांची रचना असते. त्यामुळे नाणे किंचित वाटीसारखे खोलगट होते. हातात आल्यास ते तुटक्या दागिन्याची टिकली समजण्याचा संभव फार. म्हणून सोन्याची खोलगट, कमळाची टिकली दिसली की हात आवरावा.

देवगिरीचे दौलताबाद करणाऱ्या महंमद तुघलखाने इ. स. १३३० च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालावीत म्हणून पितळेची व तांब्याची नाणी पाडली. कल्पना काळाच्या पुढची होती. पण नकली नाणी रोखण्याची तजवीज नव्हती. घरोघर नाणी पडू लागली आणि दोन-तीन वर्षांत सुलतानाला ती परत घ्यावी लागली. दौलताबादच्या टांकसाळीचे नाव असलेली ती नाणी आज संग्राहक आवडीने जपतात. पितळेला भाव नाही म्हणून मोडीच्या पोत्यात टाकलेल्या तुकड्यांत असे एखादे असू शकते.

पुढे बहामनी राज्य १३४७ साली उभे राहिले आणि पंधराव्या शतकात त्याची राजधानी बीदरला आली. आपला मुलूख तर बीदरच्या अगदी छायेतला. बहामनींची व त्यानंतरच्या बरीदशाहीची तांब्याची जाड, बसकी नाणी म्हणूनच या बाजूस भेटतात. औरंगजेबाच्या काळापासून औरंगाबादेच्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ असे शहराचे फारसी उपनाव आढळते. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे टांकसाळीचे नाव पुष्कळदा अर्धेच उमटलेले असते. ज्या रुपयावर टांकसाळ व सन दोन्ही स्पष्ट वाचता येतात, त्याला म्हणूनच अधिक मान.

शिवछत्रपतींची नाणी हा प्रत्येक मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा विषय. १६७४ च्या राज्याभिषेकापासून एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी अक्षरे असलेली नाणी पडू लागली. तांब्याची ती शिवराई आणि सोन्याचा तो होन. शिवराई महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ पडत राहिली, इंग्रजी अमलातही कित्येक वर्षे खेड्यापाड्यांत चालली. त्यामुळे तिचे प्रकार अनेक आहेत आणि ती आजही बऱ्याच घरांत सापडते. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई ही त्यांतली नंतरच्या काळातली. शिवराई घरात असणे हे भाग्य आहे, पण ती दुर्मिळ असेलच असे नाही. होनाची गोष्ट याच्या उलट. सुमारे पावणेतीन ग्रॅमचा खरा शिवकालीन होन अत्यंत दुर्मिळ आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने खोट्या होनांचा सुळसुळाट आहे. कोणी होन विकावयास आणला तर आनंद करण्यापूर्वी संशय घ्यावा, हेच शहाणपणाचे.

हाली आणि कळदार

आता आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातातील पैशाकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचे चलन म्हणजे हाली सिक्का. हाली म्हणजे सध्याचा, प्रचलित. पहिल्या सालारजंगाने जागोजागच्या टांकसाळी बंद करून हैदराबादेत एकच चलन स्थिर केले. १८५७ च्या उठावानंतर मोगल बादशहाचे नाव जाऊन नाण्यावर निजामुल्मुल्क आसफजाह हा किताब आला. त्याच्यावर ९२ हा अंक असतो. तो सन नव्हे. अरबी अक्षरांच्या मूल्यांनुसार ‘मुहंमद’ या नावाची ती बेरीज आहे. हा अंक सन समजून पुष्कळांची फसगत होते.

इ. स. १९०३-०४ च्या सुमारास चारमिनारचे चित्र असलेली यांत्रिक नाणी निघू लागली. त्यांच्यावर कोणत्या निजामाचे नाणे हे ओळखण्याची खूण चारमिनारच्या मधल्या कमानीत आहे. तेथे मीम हे अक्षर असल्यास नाणे सहावा निजाम महबूब अली खान याचे; ऐन हे अक्षर असल्यास सातवा निजाम उस्मान अली खान याचे. उस्मान अलीच्या अगदी पहिल्या नाण्यांवर ऐनचा केवळ शिरोभाग दिसतो, पुढे पूर्ण अक्षर आले. तो पहिला प्रकार थोडाच काळ चालला, म्हणून तो वेगळा काढून ठेवावा. बाकी चारमिनारचे रुपये सर्रास मिळतात आणि त्यांची किंमत मुख्यत्वे चांदीचीच. सोन्याची अशर्फी व तिचे अर्धा, पाव, अष्टमांश भाग मात्र निश्चितच जपण्यासारखे.

सन वाचण्यास फारसी भाषा यावी लागत नाही, अंक पुरतात. एक, दोन, तीन आणि नऊ हे बरेचसे आपल्या अंकांसारखेच दिसतात. पाच बदामाच्या आकाराचा, सात वर उघडलेल्या कोनासारखा, आठ त्याच्या नेमका उलटा, आणि शून्य म्हणजे नुसते टिंब. चार व सहा हे दोनच अंक तक्ता समोर ठेवून घोकावे लागतात. हा सन हिजरी असतो, आणि हिजरी वर्ष चांद्र असल्याने आपल्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून हिजरी सनाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवावे, म्हणजे इसवी सन जवळजवळ येतो. १३२९ ला असे केल्यास १९११ निघतात. आणि १९११ च्या ऑगस्टमध्येच महबूब अली वारला व उस्मान अली गादीवर आला. अर्थात १३२९ सनाच्या नाण्यावर कमानीत कोणते अक्षर आहे, हे भिंगाने पाहिलेच पाहिजे.

हालीच्या शेजारी चाले तो इंग्रज सरकारचा रुपया, यंत्रावर पडलेला म्हणून कळदार. बाजारात सात हाली म्हणजे सहा कळदार असा भाव. हा भाव आला कोठून, हे सोनाराला सहज उमगावे. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा व शेकडा ८१.८ चांदीचा, म्हणजे त्यात शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. कळदार ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि शेकडा ९१.७ चांदीचा; त्यात सुमारे १०.६९ ग्रॅम. सात हालींत चौसष्ट ग्रॅम भरते, सहा कळदारांतही चौसष्टच! बाजाराचा हिशेब आणि पोतदाराचा कस यांचा असा मेळ होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात चांदी टंचाईस आली, तेव्हा दोन्ही रुपयांतील चांदी उतरविण्यात आली. १९४० पासूनचा कळदार निम्म्याच चांदीचा आहे आणि १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया तर निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो. १९५१ पासून हालीची नवी नाणी निघणे थांबले आणि १९५९ साली तिचे चलनत्व संपले.

हैदराबादची ती टांकसाळ १९५० साली भारत सरकारकडे आली आणि पुढेही चालू राहिली. आजच्या नाण्यांवर सनाखाली तारा दिसतो तो तिचाच. मुंबईची खूण चौकट, नोएडाची टिंब, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. पणजोबांचा हाली आणि नातवाच्या खिशातील ताऱ्याचे नाणे, ही एकाच घराण्याची आहेत म्हणावयाचे!

दुर्मिळ कशास म्हणावे

जुने ते मौल्यवान, हा सर्वांत मोठा गैरसमज. दोन हजार वर्षांपूर्वीचे झिजलेले तांब्याचे नाणे कित्येकदा साध्या चांदीच्या रुपयाहून स्वस्त असते, कारण तशी हजारो उपलब्ध आहेत. उलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया काल-परवाचा, तरीही कळदारांतील दुर्मिळ नाण्यांत त्याची गणना होते; कारण फार थोडे रुपये बाहेर राहिले. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपयाही असाच प्रसिद्ध. राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला, सरकारने ती नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड स्पष्ट केली. याउलट व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया कोणी फार जुना म्हणून मिरवील. पण तोच सन पुढे १८७४ पर्यंत ठशावर कायम ठेवल्यामुळे तो अमाप आहे. त्यातील टिंबांच्या संख्येवरून अभ्यासक प्रकार पाडतात, ही गोष्ट निराळी.

तेव्हा नाण्याचे मोल चार गोष्टींवर ठरते: तशी नाणी किती उरली, ती हवी असणारे किती, नाण्याची स्थिती कशी, आणि ते कोठे, कशाबरोबर सापडले. यांतील पहिल्या दोन आपल्या हाती नाहीत. शेवटच्या दोन सर्वस्वी आपल्याच हाती आहेत, आणि नेमक्या त्याच आपण घालवतो.

आपल्या घरांत लक्ष्मीपूजनाला नाणी चिंचेने व राखेने घासून लख्ख करण्याची रीत आहे. श्रद्धा योग्य आहे, घासणे टाळावे. शतकानुशतके चढलेला काळपट किंवा हिरवट थर हा नाण्याचे संरक्षणही असतो आणि त्याच्या खरेपणाचा पुरावाही. घासल्याने अक्षरांच्या कडा जातात आणि किंमत उतरते. कडी डाखणे, भोक पाडणे, ॲसिडमध्ये बुडविणे, यांचाही परिणाम तोच. तांड्यांवरील बंजारा भगिनींच्या रुपयांच्या माळा किंवा आपल्याकडील पुतळ्यांची माळ ही त्या त्या लोकांची लेणी आहेत आणि त्या रूपातच त्यांचे मोल आहे. पुतळी हे लेणेदेखील मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यावरून आले. त्यावरील मानवी आकृतीमुळे आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले. अशी जुनी माळ मोडावयास आली तर दुकानदाराने आधी प्रत्येक पुतळी पाहावी.

खोट्याचा बाजार

जेथे मोल आहे तेथे खोटे येतेच. ओतीव नाण्याच्या कडेवर साच्याची शिवण दिसते, पृष्ठावर बारीक छिद्रे असतात, अक्षरे मऊ व गोलसर वाटतात आणि वजन खऱ्याशी जुळत नाही. नाद, वजन, कस या तिन्ही पोतदारी परीक्षा येथे आजही तितक्याच उपयोगी पडतात. सनाचा एखादा अंक कोरून बदललेला असतो; तो भिंगाखाली पाहावा.

काही खोटे याहून ढोबळ. राम-सीता, हनुमान किंवा अन्य देवतांचे चित्र, आणि दुसऱ्या बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी’ व १८१८ असा सन, अशी तांब्या-पितळेची चकती फार फिरते. कंपनीने देवतांची अशी नाणी कधीही पाडली नाहीत. अकबराच्या अखेरच्या काळातील राम-सीतेची नाणी खरी आहेत, परंतु ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. देवळांतून मिळणाऱ्या रामटंका या पूजेच्या वस्तू आहेत. पूजा जरूर करावी, नाणे म्हणून विकत घेऊ नयेत. तांदूळ ओढून घेणाऱ्या नाण्याच्या नावाने तर सरळसरळ दरोडा घातला जातो. तसे कोणतेही नाणे जगात नाही.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट, २०१२ चे वैष्णोदेवीचे नाणे अशांना लाखो रुपये मिळतील असे मोबाईलवर सांगावयाचे, आणि आधी नोंदणीचे किंवा कराचे पैसे भरावयास लावावयाचे. रिझर्व्ह बँकेच्या नावाचाही वापर होऊ लागल्याने बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर खुलासा केला की, अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही व ती त्याकरिता कसलेही शुल्क घेत नाही. विकणाऱ्याकडून जो आधी पैसे मागतो तो घेणारा नव्हे, एवढे सूत्र घरातील वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावे.

कायदा आणि आपले कर्तव्य

जमिनीत सापडलेले धन सापडणाऱ्याचे, अशी समजूत आहे; कायदा तसा नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. चौकशीनंतर सापडणाऱ्याचा व जमीनमालकाचा हक्कही त्याच कायद्यात सांगितला आहे. म्हणजे खबर देणारा सर्वस्व गमावतो, असे नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात. ती परदेशी नेता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. रात्री गुपचूप आलेले मातीचे गाडगे विकत घेणारा दुकानदार एकाच वेळी कायद्याचा व इतिहासाचा गुन्हेगार होतो.

रझाकारांच्या धामधुमीत घर सोडताना ठेव पुरून ठेवल्याच्या हकीकती या भागातील पुष्कळ घरांत सांगितल्या जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांना मातीच्या माळवदांची धास्ती बसली आणि त्यांच्या जागी सिमेंटची घरे येत गेली. जुन्या भिंती पडत आहेत तोवर असे ठेवे वर येत राहणार. ते वर येतील तेव्हा पहिला माणूस बहुधा आपल्याच पेढीची पायरी चढेल. म्हणून आमच्या समाजबांधवांस काही सूचना कराव्याशा वाटतात.

प्रत्येक दुकानात एक भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा काटा आणि फारसी अंकांचा तक्ता असावा. मोडीस आलेले कोणतेही जुने नाणे त्याच दिवशी मुशीत घालू नये. त्याचे वजन व व्यास घ्यावा, दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे, ते कोठून आले हे वहीत लिहावे. साठा असल्यास तो भांड्यासकट एकत्र ठेवण्यास सांगून खबर देण्याचा मार्ग ग्राहकास दाखवावा. नाणी घासू नयेत. सुकी, स्वच्छ कागदी पाकिटे त्यांना पुरतात. शंका असल्यास तेरचे संग्रहालय आहे, छत्रपती संभाजीनगर येथे विद्यापीठाचे इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था तर याच कामाला वाहिलेली आहे. आपल्या मुलामुलींपैकी एखाद्याने मोडी व फारसी लिपी शिकून हा विषय हाती घेतला, तर त्याला घरचे बाळकडू आहेच.

चांदीचा भाव चढला की आजही रुपयांच्या थैल्या दुकानांत येतात. त्यांतील शंभरांपैकी नव्याण्णव साधीच असतील, ती मोडण्यास कोणाची हरकत नाही. गरजवंताला त्याचे पैसे वेळेवर व चोख मिळाले पाहिजेत, हा आपल्या धंद्याचा पहिला धर्म. पण उरलेले एक कोणते, हे ओळखून त्याच्या मालकाला सांगणे, आणि त्या सांगण्यात आपला लाभ न पाहणे, हाही त्याच धर्माचा भाग आहे. गाव पोतदारावर विश्वास टाकी, तो त्याच्या डोळ्यासाठी तर खराच. त्याहूनही अधिक त्याच्या सचोटीसाठी. पोतदारीचे हक्क आणि बलुते केव्हाच गेले. डोळा आणि सचोटी मात्र कोणत्याही कायद्याने खालसा झालेली नाही. ती आपल्या सर्व कुटुंबांत वाढीस लागो, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.